चालवणार कोण?

३ जानेवारी २०१६, रविवार. लातूर

गाडी घ्यायची, हे आज नक्की केलं. नवी नाही, जुनी.

सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत एक मासिक चाळत होतो. त्यात लिहिलं होतं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या ज्या गाड्या आज लोक भंगारात काढतात, त्याच आणखी दहा वर्षांनी शौकीन माणसं शोधत फिरतील. तेव्हा त्या हाताला लागणार नाहीत. ज्याला हौस आहे त्यानं आत्ताच एखादी धरून ठेवावी. आपल्या ऐपतीतली गाडी, महिन्यातून दोन-तीनदा काढायची, एवढंच. पण काढली की मन हरखलं पाहिजे.

एकसष्ट वर्षांत मी मनापासून चालवली ती एकच गाडी, सरकारी जीप. ८२ साली लातूर उस्मानाबादेपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या पाटबंधारे कार्यालयात फायली होत्या पण टेबलं नव्हती, जीप होती पण ड्रायव्हर मंजूर झाला नव्हता. मी आरेखक. तलावांचे नकाशे मांडीवर घेऊन साहेबांबरोबर हिंडायचो. एक दिवस साहेब म्हणाले, "अमृतराव, नकाशा मी धरतो, तुम्ही चालवा." ती दोन वर्षं मुरमाच्या रस्त्यांवर जी मजा आली, ती पुढं अख्ख्या नोकरीत आली नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

उमाला बेत सांगितला तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. वाटलं, म्हणेल, प्यायला पाणी न्हाई अन् गाडी कशाला. तसं काही बोलली नाही. म्हणाली, "घ्या की. पण आधी डोळे दाखवून या." हे तिचं दिवाळीपासूनचं पालुपद आहे. दाखवतो म्हणालो.

९ जानेवारी

खाजाभाईच्या गॅरेजवर दोन तास बसलो. माझी स्कूटर तोच बघतो. त्याला सांगितलं, कॉन्टेसा मनात आहे. मोठ्या साहेब लोकांची गाडी. नाहीतर जिप्सी, जीपच्या जातीची. तो पाना पुसत म्हणाला, "साहेब, कौनसी भी लो, पन जिसके पार्ट मिलते वोच लो. बाहर से मँगाते बैठे तो गाडी उभीच राहील." मग म्हणाला, "झेन बघा. पहिल्या मॉडेलची, गोल हेडलाइटची. छोटी आहे, पन चालवताना हसू येतं."

साबणाच्या वडीसारखी ती गाडी. तिच्यात मी कसा दिसेन! यादीत लिहून ठेवली, सगळ्यात खाली.

१७ जानेवारी

अकराव्या दिवशी नळाला पाणी आलं, तेही चाळीस मिनिटं. मीच भरलं, कारण उमा हल्ली रोज सकाळी सहाला मठात वचनपठणाला जाते. येते तेव्हा तिच्या चपला मातीनं भरलेल्या असतात. मठाच्या अंगणात एवढी माती कुठून? पाण्यावाचून सडा टाकत नसतील.

डावा खांदा पुन्हा चौकटीला आपटला. चौकट अरुंदच आहे. इतकी वर्षं जाणवलं नव्हतं.

३१ जानेवारी, रविवार

उमा आणि खाजाभाईला घेऊन रेणापूरजवळच्या एका वस्तीवर कॉन्टेसा बघून आलो. मालक व्यंकटराव. गाडी गोठ्यात उभी. "गुरं चारा छावणीवर नेली," ते म्हणाले, "आता गोठ्यात हीच एकटी." गाडीवर बोटभर धूळ. खालचा रंग कळेना, पत्रा कुठं खाल्लाय तेही कळेना. धुऊन दाखवता का, म्हणालो आणि विचारलं त्याच क्षणी शरम वाटली. व्यंकटराव रागावले नाहीत. कोरड्या फडक्यानं बॉनेट पुसायला लागले. फडकं फिरलं तिथं निळा रंग निघाला, तळ्यासारखा. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायला कुणी धजलं नाही, म्हणून मागचा दरवाजा बघायचा राहिला.

गाडी राजेशाही, यात शंका नाही. उमा स्टिअरिंगला हात लावून म्हणाली, "हे लई जड असंल, न्हाई?" मी म्हणालो, तुला काय करायचंय? ती म्हणाली, "नुसतं विचारून राहिले."

खाजाभाईनं खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. सांगाडाच गंजला होता. परत येताना वाईट वाटलं. गाडीचं की व्यंकटरावांचं, ते सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

उमाबरोबर नांदेडला जाऊन आलो, एसटीनं. खाजाभाईला कुठून तरी कळलेली झेन. पांढरी, ९८ सालची. मालकीण सिंधुताई भद्रे, वय चौसष्ट, किनवटला मुलींच्या निवासी शाळेत अधीक्षिका होत्या. मी विचारलं, "यजमान कुठं होते नोकरीला?"

"तेही किनवटलाच, शिक्षक. पण त्यांना गाडी यायची नाही. दर सोमवारी पहाटे इथून निघायचो. मी चालवायची, ते शेजारी बसून मला पेपर वाचून दाखवायचे. जंगलाच्या रस्त्याला लागलं की पेपर घडी करून ठेवायचे. म्हणायचे, आता तू बघ, मीही बघतो." भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे. जाड भिंगाचा चष्मा, चेहरा हसरा.

मी एक चक्कर मारली. बाई शेजारी बसल्या होत्या. खरं लिहायचं तर खाजाभाई चुकला नव्हता. गाडी हलकी, बोट दाखवावं तशी वळते, तिसऱ्या गिअरला लगेच चेव येतो. एका वळणावर बाईंनी एकदम डॅशबोर्डवर हात टेकवला. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काही नाही, सायकलवाला होता." मला तर कोणी दिसलं नाही.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"मीच. अजून कोण?"

त्यांनी उमाकडे बघितलं. म्हणाल्या, "ताई, तुम्हीपण बसून बघा." उमा बसली. सीट पुढं ओढायला तिला बराच वेळ लागला, मग आरसा स्वतःकडे वळवून घेतला. केस बघत असावी. नंतर दोघी चहा करायला आत गेल्या. दोन कप चहाला एवढा वेळ लागतो, हे मला आजच कळलं.

निघताना बाई म्हणाल्या, "माझा गुडघा आता क्लच दाबू देत नाही, म्हणून विकतेय. पण शोभेला झाकून ठेवणाऱ्याला देणार नाही. तुम्हाला घाई नाही. ठेवते मी." मी तर अजून हो म्हणालो नव्हतो.

एसटीत उमाला सांगितलं, गाडी छान आहे, पण बायकी आहे. ती लोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

७ मार्च, महाशिवरात्र

उपवास. दुपारी उमानं विचारलं, "चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढताना मागं का घसरते?" मला आनंद झाला. बत्तीस वर्षांत तिनं माझ्या आवडीचं पहिल्यांदाच काही विचारलं. कागदावर क्लच, ब्रेक, हँडब्रेक काढून समजावून दिलं. चांगलं मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे हँडब्रेक हळूच सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला की." अगदी बरोबर. बुद्धी तल्लख आहे तिची, फक्त संधी मिळाली नाही.

१३ मार्च, रविवार

झालं ते आजच लिहितो.

जिप्सी बघायला गेलो होतो. एका कंत्राटदाराची, हिरवी, अगदी मनासारखी. बसल्याबरोबर वाटलं, हीच. मी चालवत होतो, उमा शेजारी, मालक मागं. टाकीजवळ पाण्यासाठी रांग लागते त्या रस्त्यानं आलो. एक बाई सायकलला दोन घागरी अडकवून चालत रस्ता ओलांडत होती, डावीकडून. मला ती दिसली नाही. दिसली नाही म्हणजे मी दुसरीकडे बघत होतो असं नाही. रस्ता रिकामा होता आणि मग एकदम ती काचेसमोर होती.

उमानं हँडब्रेक खेचला. गाडी आडवी होऊन थांबली. सायकल पडली. बाई वाचली, हातभर अंतर राहिलं.

ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. खाली बसून सांडलेलं पाणी मातीत जिरताना बघत राहिली. दोन्ही घागरी. मी म्हणालो, "बाई, तुम्ही एकदम कुठून आलात?" तिनं माझ्याकडे बघितलं. "एकदम? चार पावलं हितंच हाय मी."

उमानं तिला रिक्षात घालून घरी आणलं आणि आपल्या पिंपातलं पाणी तिच्या घागरींत भरून दिलं. आठ दिवसांचं होतं. मी दारात उभा होतो. दोघींपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही.

१४ मार्च

उमानं माझी फाइल काढून टेबलावर ठेवली आहे, जुन्या चष्म्याच्या नंबराची.

हँडब्रेक कुठं असतो, हे तिला कळलं हे बरं झालं. मी शिवरात्रीला कागदावर काढून दाखवला होता म्हणूनच.

१९ मार्च

काचबिंदू.

एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मला वाटलं, छान चाललंय, उजेडच कमी येतोय. नंतर डॉक्टरांनी कागद दाखवला. मी जन्मभर नकाशे काढले. कागदावरचं काळं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उजव्या डोळ्याला कडेची पट्टी गेलेली. डाव्याला अर्ध्याहून जास्त.

डॉक्टर वयानं लहान, पण आदबीनं बोलले. "गेलेलं परत येत नाही, काका. राहिलेलं सांभाळायचं. रोज थेंब टाकायचे, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि गाडी नाही चालवायची. स्कूटरपण नाही."

मी विचारलं, हे कधीपासून असेल? ते म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी. माणसाला कळत नाही, कारण मेंदू रिकामी जागा भरून काढतो.

म्हणजे मला जो रिकामा रस्ता दिसत होता, तो माझ्याच डोक्यानं काढलेला होता.

१२ एप्रिल

आज मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. सगळं गाव स्टेशनकडे. मी गेलो नाही. स्कूटर विकून टाकली. गाडीची यादी फाडली. उमा म्हणाली, "यादी कशाला फाडली?" सकाळी तिचं मठात जाणं चालूच आहे.

२४ एप्रिल, रविवार

आज जे कळलं ते सविस्तर लिहितो.

खाजाभाईकडे स्कूटरची राहिलेली कागदपत्रं द्यायला चालत गेलो होतो. तो म्हणाला, "भाभींचा हात एकदम सेट झालाय, साहेब. परवा लायसनपण आलं." मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. पाना हातातच राहिला.

"कुठं शिकवलं?"

"तलावात."

मी म्हणालो, चल, दाखव.

गावाबाहेरचा तो तलाव माझ्या हातचा आहे. म्हणजे त्याचा नकाशा. ८३ साली मीच काढला होता. आता भांड्याच्या तळासारखा कोरडा, गाळ फुटून भेगा पडलेल्या. बांधावर उभा राहिलो. खाली सगळीकडे चाकांच्या खुणा होत्या. सुरुवातीच्या वेड्यावाकड्या, मध्येच तुटलेल्या, जिथं गाडी बंद पडली असेल तिथं माती उकरलेली. पुढं गोल. त्याच्या पुढं आठाचा आकडा, एकावर एक शंभरदा गिरवलेला, रेघ रेघेवरच. खाजाभाई म्हणाला, "इधर कोई देखता नहीं ना, इसलिए. माझी बायको मागं बसायची. भाभी डिसेंबरपासून येतात. पहिले आठ दिवस रडत होत्या. गाडी बंद पडली की रडायच्या, पुन्हा चालू करायच्या."

डिसेंबरपासून. मी गाडी घ्यायचं ठरवलं त्याच्या आधीपासून.

घरी आलो. उमा भाकरी थापत होती. मी म्हणालो, "सगळ्या गावाला माहीत होतं. मलाच काय ते माहीत नव्हतं."

"गावाला न्हाई. खाजाभाईला अन् मला."

"आणि सिंधुताईंना."

"त्यांना मी सांगितलं न्हाई. त्यांनीच विचारलं, किती दिवस झाले दिसत न्हाई यांना? त्यांच्या मालकाचं तसंच होतं म्हणे."

मला फार राग आला. काय काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की तिनं भाकरी तव्यावर जळू दिली, जे ती कधी करत नाही.

२५ एप्रिल

सकाळी ती मठात, म्हणजे तलावात, गेली नाही. अंगणात बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

विचारलं, "का?"

ती म्हणाली, "दिवाळीत औशाहून येताना तुम्ही बैलगाडीला घासून स्कूटर काढली. बैलाचं शिंग माझ्या गुडघ्याला लागलं. तुम्ही विचारलं, काय झालं? तवा कळलं मला. डोळे दाखवा म्हणलं, तुम्ही ऐकलं न्हाई. जास्ती म्हणलं असतं तर तुम्ही चिडला असता. मग म्हणलं, आपणच शिकावं. तुम्हाला कुठंतरी जायचंच असतं. तुम्हाला घरात बसता येत न्हाई."

मी म्हणालो, "मला सांगून शिकली असतीस."

"तुम्ही शिकवलं असतं. मग मला आलं नसतं."

यावर मला हसू आलं. तिला आलं नाही. तिच्या तळहाताला स्टिअरिंगचा घट्टा पडलाय. इतके दिवस मला वाटत होतं, तो बादल्या उचलून पडला असेल.

९ मे, बसव जयंती

मिरवणुकीतून आल्यावर मी म्हणालो, "जिप्सी अजून विकली गेलेली नाही." ती म्हणाली, "जिप्सी तुम्हाला पाहिजे. त्या जीपसारखी." जीपचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. झोपेत बोलत असेन.

मग मी नीट विचार केला. मासिकात लिहिलं होतं, गाडी अशी घ्यावी की जी पुढं दुर्मीळ होईल. ते बरोबर असेल. पण कॉन्टेसात मला माझा रुबाब दिसत होता, जिप्सीत माझं तिसावं वर्ष. गाडी मी बघतच नव्हतो. उमानं तिन्ही बघितल्या, हात लावून, पाय पुरतो का ते बघून.

"तुला कुठली?"

"झेन," ती लगेच म्हणाली. "तिच्यात बसल्यावर मला हसू आलं होतं. तुम्ही बायकी म्हणलात म्हणून गिळलं."

नांदेडला फोन केला. सिंधुताईंनी दुसऱ्याच घंटीला उचलला. मी नाव सांगितलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हणालो, "उमादेवी चालवतील."

२१ मे

थेंब टाकताना बाटली मीच धरायचा माझा हट्ट होता. गालावर जात होते. आजपासून उमा टाकते.

५ जून, रविवार

गाडी आणली.

सकाळच्या एसटीनं नांदेड. सिंधुताईंनी गाडी बादलीभर पाण्यानं नाही, ओल्या पंच्यानं पुसून ठेवली होती. किल्ली त्यांनी उमाच्या हातात दिली. मग एकट्याच गाडीत जाऊन बसल्या, काही वेळ. आम्ही दोघं फाटकाजवळ थांबलो. उतरल्या तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "चौथ्यातून तिसऱ्यात घेताना घाई करू नका. बाकी ती तुम्हाला शिकवेल."

मी डाव्या बाजूला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा उमाच्या डावीकडे बसून कुठं निघालो. पाय आपोआप ब्रेक शोधत होता, रिकाम्या जागी दाबत होता. लोह्याच्या आधी चढावर पुढं टँकर थांबला, आमची गाडी बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. माझ्या तोंडात पाच सूचना आल्या. मी जीभ दातांत धरली. तिनं पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा इंजिनचा आवाज जड होईस्तोवर थांबली आणि गाडी घसरू न देता वर नेली. वर गेल्यावर घामेजल्या तोंडानं म्हणाली, "नुसतं बसू नका. तुम्ही गप्प बसलात की मला भ्या वाटतं."

"बोललो तर चिडशील."

"चिडेन. तरी बोला."

अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. तिनं चौथा टाकला, पाचवा टाकला, आणि खिडकीतून गरम वारा आत आला तशी ती हसायला लागली. मोठ्यानं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं हसताना... नाही, एकदा ऐकलंय, लग्नाच्या वर्षी, कशावरून ते आठवत नाही. मीही हसलो. गाडीत मजा आली, हे लिहून ठेवतो. मी चालवत नव्हतो तरी आली.

चाकूरच्या अलीकडे चहाला थांबलो. हॉटेल रस्त्याच्या उजव्या अंगाला. परत निघताना अख्खा रस्ता ओलांडून पलीकडे जायचं होतं, आणि शेजारी एक टँकर असा उभा की तिला डावीकडचं काही दिसेना. तिनं पहिला गिअर टाकला, उजवीकडे बघितलं आणि सवयीनं, जसं कुणीही शेजारच्याला विचारतं तसं विचारलं,

"डावीकडून कोण येतंय का?"

मी मान वळवली. समोर मोकळा रस्ता होता. तसलाच, मागच्या वेळेसारखा. मग मी त्यावर विश्वास ठेवला नाही. कंबरेतून वळलो, सीट सोडून पुढं झुकलो, काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत-वीत बघत गेलो. टँकरच्या मागून ट्रॅक्टर येत होता, ट्रॉलीत पाण्याची टाकी, वेगात.

"थांब."

ती थांबली. पुढं वाकून खात्री करून घेतली नाही. पाय क्लचवर, डोळे माझ्या तोंडाकडे. ट्रॅक्टर आमच्या नाकासमोरून धूळ उडवत गेला. मी धूळ खाली बसेपर्यंत वाट बघितली, पुन्हा सगळा रस्ता पहिल्यापासून बघितला.

"आता घे."

तिनं घेतली.